खान्देशात सगळ्यांनाच आपण अल्पसंख्य का वाटतो?

तापीकाठचा

मंडळी,

गेल्या काही वर्षांत आपल्या तीन जिल्ह्यांत मोर्चे कोणाकोणाचे निघाले ते आठवून पाहा. धनगर समाजाचा, एसटीत (अनुसूचित जमातीत) घ्या म्हणून. कोळी समाजाचा, व्हॅलिडिटी (जमातीचा दाखला खरा असल्याचं प्रमाणपत्र) द्या म्हणून. बंजारा समाजाचा, हैदराबाद गॅझेट लावून एसटीत घ्या म्हणून. आणि या तिघांच्या विरोधात आदिवासींचा, आमच्या ताटात हात घालू नका म्हणून. कलेक्टर कचेरीचा रस्ता तोच, भोंगेवाला तोच, बंदोबस्ताचे पोलीसही तेच. निवेदनावरचं नाव तेवढं बदलतं.

माझी सगळी नोकरी बँकेत गेली. तळोदा, साक्री, रावेर, मग धुळे. काउंटरपलीकडचा माणूस कर्जाचा फॉर्म भरताना जे बोलतो ते तो सभेत बोलत नाही. शहाद्याकडचा गुजर शेतकरी म्हणायचा, "आमच्या पोराला जन्मात आमदारकी नाही." खोटं नव्हे. नंदुरबार जिल्ह्यातले चारही विधानसभा मतदारसंघ (अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार, नवापूर) आणि लोकसभेची जागा, सगळं एसटीसाठी राखीव. तळोद्याचा भिल्ल म्हणायचा, "आमदार आमचा, पण कारखाना कोणाचा? बाजार समिती कोणाची? कापसाचा काटा कोणाच्या हातात?" हेही खोटं नव्हे. धुळ्याचा मुसलमान म्हणायचा, आमचं मत मोजतात पण आम्हाला मोजत नाहीत. त्याच गल्लीच्या तोंडाशी राहणारा हिंदू म्हणायचा, ते एकगठ्ठा टाकतात, आपण फुटतो. रावेरचा लेवा म्हणायचा, आमची पोरं पुण्याला गेली, आता गावात आमचं कोण?

म्हणजे पाचही जण स्वतःला कमी आणि समोरच्याला जास्त समजतात. २०११ च्या जनगणनेत नंदुरबारमध्ये आदिवासी ६९.३ टक्के, धुळ्यात ३१.६, जळगावात १४.३. नंदुरबारला जो ६९ टक्के आहे तोही घाबरलेलाच.

माझं मत असं की आपल्याकडे सत्ता कधी एका समाजाकडे सबंध आलीच नाही. विधानसभा एकाकडे, सहकार दुसऱ्याकडे, गाळे आणि जिनिंग तिसऱ्याकडे. जो तो आपल्या हातात नसलेला तुकडा बघतो आणि सगळं दुसऱ्यानेच नेलं म्हणतो. बोलीवरून किंवा देवावरून इथं कोणी कोणाच्या अंगावर जात नव्हतं. अहिराणी, लेवा, गुजरी, भिली, पावरी, मावची, सगळं एका आठवडे बाजारात चालतं. भांडण लागतं ते मोजदाद सुरू झाली की.

तुम्हाला काय वाटतं? शिव्या नकोत, अनुभव लिहा.

पुणेरी_खान्देशी

आप्पा, लेख आवडला. पण हे सगळं आत्ताचं आहे, व्हॉट्सअ‍ॅप आणि टीव्हीनंतरचं. आम्ही जळगावात लहानाचे मोठे झालो तेव्हा असलं काही नव्हतं. ईदचा शिरखुर्मा आमच्याकडे यायचा, आखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) सांजोरे त्यांच्याकडे जायचे.

पांझरा

@पुणेरी_खान्देशी, भाऊ, शिरखुर्मा माझ्याही घरून जायचा, अजून जातो. पण "असलं काही नव्हतं" हे जळगावबद्दल म्हणू नका. मे १९७० मध्ये भिवंडी पेटली आणि लगेच जळगाव. मादन आयोगाने दोन्हीकडची चौकशी केली. जळगावात ४३ माणसं गेली, त्यातली ४२ मुसलमान. तेव्हा गावात टीव्ही नव्हता.

कळण्याची_भाकरी

+१ पांझराताई.

आम्हा लेवा लोकांना सगळं आमच्या वांग्याच्या भरतासारखं गुळगुळीत लागतं, इतिहाससुद्धा :) फैजपूरच्या १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनाचा अभिमान सांगताना आमचे म्हातारे थकत नाहीत. देशातलं पहिलं ग्रामीण अधिवेशन, धनाजी नाना चौधरींनी उभं केलेलं, खरंच मोठी गोष्ट. पण त्याच फैजपुरात, सावद्यात घर भाड्याने देताना आज आडनाव आधी विचारतात, हेही लिहायला हवं.

अक्राणी

नमस्कार. मी धडगावचा, पावरा आदिवासी. सध्या नाशिकला वकिली शिकतो.

आप्पा, तुमचा मान ठेवून सांगतो, "मोजदाद सुरू झाली की भांडण लागतं" हे मला पटत नाही. मोजायच्या आधीच भांडण होतं आणि ते जमिनीचं होतं. शहादा-तळोद्याच्या सपाटीवर भिल्लांची जमीन सावकारी कागदावर गेली आणि तोच भिल्ल त्याच शेतात सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, झाला. आखाजी ते आखाजी. पिकाची राखण करायला जमीनदारांनी पीक संरक्षण सोसायट्या काढल्या, त्यांच्या राखणदारांचा मार कोणी खाल्ला ते आमच्या म्हाताऱ्यांना विचारा. मे १९७१ मध्ये पाटीलवाडीला आदिवासींवर गोळ्या चालल्या. मग आमचे नेते अंबरसिंग महाराज, १९७२ ची श्रमिक संघटना, भूमुक्तीचे मेळावे. त्याच्या आधी गुलाम महाराजांचा आप धर्म, हजारो माणसं आरतीला जमायची आणि दारू सोडायची.

या सगळ्यानंतर कायदा आला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीची जी जमीन बिगर आदिवासीकडे गेली ती परत करायची. आणि पुढे परवानगीशिवाय विकता येणार नाही. आज शहाद्यात प्लॉट पाडणारे लोक या कायद्यालाच "विकासातला अडथळा" म्हणतात. विश्वास कमी का, याचं उत्तर इथं आहे.

आता एसटीच्या यादीबद्दल. आधी ठराविक तालुक्यांतल्यांनाच त्या जमातीचे धरत; १९७६ च्या कायद्याने हे तालुक्यांचं बंधन उठलं. १९७१ ते १९८१ या दहा वर्षांत महाराष्ट्रातल्या आदिवासींची लोकसंख्या जवळपास दुप्पट झाली. आमच्या घरात एवढी पोरं जन्मली नव्हती. हॉस्टेलला, मेडिकलला, तलाठी भरतीला आमच्या नावावर कोण बसलं, हे आम्हाला माहीत आहे. ६ जुलै २०१७ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दाखला अवैध ठरला तर नोकरीही जाईल, पदवीही जाईल. सरकारने काय केलं? डिसेंबर २०१९ ला जीआर काढून त्या लोकांना अधिसंख्य (म्हणजे जादा निर्माण केलेल्या) पदांवर ठेवलं. निकाल आमच्या बाजूने आणि खुर्ची त्यांच्याकडे. मग आम्ही कोणत्या पक्षावर भरवसा ठेवायचा ते सांगा.

अनेर

मी चोपड्याचा. कोळी. वरचा प्रतिसाद दोनदा वाचला. राग आला, पण शिस्तीत लिहितो.

"आमच्या नावावर बसले" म्हणणं सोपं आहे. माझ्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी नुसतं "कोळी" लिहिलं. टोकरे कोळी, जी जमात एसटीत येते, ते लिहिलं नाही, कारण त्या काळात ते लिहून काय मिळणार होतं? आता दाखले तपासणारी पडताळणी समिती ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागते. कोतवाल बुकाची नक्कल आणा, गाव नमुना १४ आणा, जन्म-मृत्यूची नोंद आणा. तहसीलमध्ये गेलं तर रजिस्टर वाळवीने खाल्लेलं, नाहीतर मोडीत. मग दक्षता पथक घरी येतं आणि आईला विचारतं, तुमचा कुलदेव कोण, लग्नात काय करता, मेल्यावर काय करता. आईने सांगितलं तेच सांगितलं जे आम्ही आता करतो. अहवालात आलं, "आप्तभाव जुळत नाही", म्हणजे चालीरीती जमातीशी जुळत नाहीत.

पन्नास-साठ वर्षं तालुक्याच्या गावात राहिलेल्या माणसाच्या घरात पाड्यावरची रीत कुठून सापडणार? सुप्रीम कोर्टानेही २४ मार्च २०२३ ला हेच म्हटलं की आप्तभाव चाचणी ही काही अंतिम कसोटी नव्हे, जुने कागद असतील तर त्यांना किंमत द्या. तोवर माझं वय निघून गेलं.

आणि चोपडा मतदारसंघ एसटीसाठी राखीव झाल्यापासून तर आमच्या दाखल्यावर सगळ्यांचा डोळा. आमदाराच्या टोकरे कोळी दाखल्याचं प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. त्या एका खुर्चीपायी गावातल्या प्रत्येक कोळी पोराकडे चोर म्हणून बघायला लागले.

अक्राणी

@अनेर दादा, तुमच्या आजोबांच्या दाखल्यात "नुसतं कोळी" असेल तर कदाचित ते नुसते कोळीच असतील. मला तुमच्याबद्दल वैयक्तिक काही नाही. पण शंका कोणाच्या बाजूने सोडवायची हा प्रश्न आहे. तुम्हाला दिली तर माझ्या बहिणीची सीट जाते.

अनेर

आणि नाकारली तर माझ्या भावाची. दोघंही एसटी बसने त्याच नंदुरबारला जातो समितीसमोर. भांडण तुमचं-माझं लावून देणारा वर एसीत बसलाय.

अक्राणी

ते मान्य. पण तो एसीत बसलेला तुमच्या मोर्च्यातही येऊन गेला आणि आमच्याही. दोन्हीकडे "मी तुमच्या पाठीशी" म्हणाला. आमच्याकडे व्हिडिओ आहे.

तापीकाठचा

@अक्राणी, जमिनीचा मुद्दा मी हलकाच घेतला होता, तुम्ही तो नीट मांडलात. तरी माझं म्हणणं सोडत नाही. ७१ सालची लढाई जमिनीची होती तेव्हा समोरासमोर कोण होतं? सालदार आणि मालक. आज कोण आहे? पावरा आणि कोळी. दोघंही बसने जाणारे, अनेर म्हणतात तसं. मालक या चित्रातून केव्हाच बाजूला झाला आणि कारखान्याच्या पॅनलमध्ये निवांत बसला. जमीन मागणारे दाखला मागायला लागले, तेव्हाच हे झालं.

अवांतर: देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीत वाटलं गेलं. पंतप्रधान आले होते. ओळखीचा कागद सर्वांत आधी आपल्याला मिळाला आणि आपण कोण हे सिद्ध करायला अजून मोडी वाचणारा शोधतोय.

भोंगऱ्या

आप्पा, बठं खरं शे. पन आते कोन आयकस?

पांझरा

दाखल्यांची चर्चा चालू दे, पण राजकीय अविश्वासाचं दुसरं तोंड धुळ्याला आहे, त्याबद्दल लिहिते.

६ जानेवारी २०१३. हॉटेलच्या बिलावरून वाद, त्यातून मच्छीबाजार भागात दगडफेक, मग पोलिसांचा गोळीबार. सहा तरुण गेले, सगळे मुसलमान. काही पोलिसांचे मोडतोड-लुटीचे व्हिडिओ बाहेर आले, अटकही झाली. दगड दोन्हीकडून आले होते, हे मी नाकारत नाही. गोळ्या एकीकडेच का गेल्या, हा आमच्या गल्लीचा प्रश्न आहे. मी शाळेत शिकवते. तेव्हा पाचवीत असलेली मुलं आता मतदार आहेत. त्यांना तुम्ही "यंत्रणेवर विश्वास ठेवा" सांगून बघा.

आता २०२४. धुळे लोकसभेत भाजपचे उमेदवार सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत पुढे होते. एकट्या मालेगाव मध्यने काँग्रेसला सुमारे १ लाख ९४ हजारांची आघाडी दिली आणि निकाल ३,८३१ मतांनी फिरला. झालं, "व्होट जिहाद" शब्द तिथूनच चालला. निवडून आलेल्या शोभा बच्छाव हिंदू, मराठी, नाशिकच्या माजी महापौर. तरी जिहाद.

सहा महिन्यांनी त्याच मालेगाव मध्यमध्ये विधानसभेला दोन मुस्लिम उमेदवारांत अशी लढत झाली की निकाल १६२ मतांवर लागला. कुठे गेला तो एकगठ्ठा? याच्यावर कोणी शब्द काढला नाही. मे महिन्यात आम्ही गठ्ठा होतो, नोव्हेंबरमध्ये अदृश्य.

सातपुडा_मेल

ताई, तुमचं दुःख मान्य. पण पाच क्षेत्रांतल्या माणसाला काय वाटलं असेल तेही बघा. पाच ठिकाणी पुढे असलेला माणूस एका गावामुळे पडतो, तर लोक बोलणारच. त्यात द्वेष कशाला शोधायचा?

पांझरा

बोला ना. पण बारामतीत, बीडमध्ये एका जातीची मतं एका बाजूला गेली तर तुम्ही त्याला "समीकरण" म्हणता. आमच्याच वेळी शब्द का बदलतो, एवढंच विचारते.

सातपुडा_मेल

बीडलाही लोक बोललेच होते. आणि भरपूर बोलले. असो.

कळण्याची_भाकरी

मला एक गोष्ट मांडायची आहे जी कोणत्याच बाजूच्या खात्यात बसत नाही. आमच्या यावल-रावेर-चोपड्याच्या पट्ट्यात तडवी भिल्ल आहेत. जमात भिल्ल, धर्म इस्लाम. एसटी आहेत, कारण एसटीच्या यादीला धर्माची अट नाही. एससीच्या यादीला आहे: १९५० च्या आदेशात फक्त हिंदू, १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध.

आता "डीलिस्टिंग"ची मागणी आहे, म्हणजे धर्म बदललेल्या आदिवासींना यादीतून काढा. ती प्रामुख्याने ख्रिस्ती आदिवासींवर रोखलेली, आपल्याकडे म्हणजे नवापूरवर. पण उद्या हा नियम झाला तर सातपुड्याच्या पायथ्याच्या तडव्याचं काय? तो पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान. हिंदू मोर्च्यात त्याला जागा नाही, आदिवासी मोर्च्यात त्याच्या टोपीकडे बघतात, मुस्लिम राजकारणात तो जंगलातला. आमच्या शेतावर केळीच्या कापणीला येणारा तडवी मला म्हणाला, "आम्ही सगळ्यांचेच, म्हणून कोणाच्याच यादीत पहिले नाही." अल्पसंख्य कोण, असं आप्पा विचारतात. हा घ्या.

अक्राणी

तडवींच्या बाबतीत सहमत. डीलिस्टिंगला माझा विरोध आहे. नवापूरचे मावची-गावित चर्चमध्ये गेले म्हणून त्यांची जमीन, बोली, नातीगोती बदलली नाहीत. आमच्या मोर्च्यात याच मुद्द्यावरून दोन गट पडले होते, हे इथं पहिल्यांदाच सांगतोय.

पुणेरी_खान्देशी

मघाशी पांझराताईंनी १९७० काढलं, ते मला घरी कोणी सांगितलंच नव्हतं. वडिलांना फोन केला. ते त्या वर्षी जळगावातच कॉलेजला होते. दोन मिनिटं बोलले आणि विषय बदलला. इथंच थांबतो.

दुसरा मुद्दा. मी जिथं काम करतो तिथं मणिपूरची दोन मुलं आहेत, एक मैतेई, एक कुकी. एकाच मजल्यावर, बोलत नाहीत. तिथंही ठिणगी एसटीच्या यादीचीच. २७ मार्च २०२३ ला मणिपूर हायकोर्टाने मैतेईंना एसटीत घेण्याच्या मागणीचा विचार करा असं सरकारला सांगितलं, ३ मेला आदिवासी विद्यार्थ्यांचा मोर्चा निघाला आणि त्या दिवसापासून पेटलं. दोनशेहून जास्त मेले, साठ हजारांच्या आसपास बेघर. फेब्रुवारी २०२४ मध्ये हायकोर्टाने निकालातला तो परिच्छेदच काढून टाकला. तोवर इंफाळ खोरं आणि डोंगर वेगळे झालेले. आपल्याकडचे मोर्चे बघून मला तीच भीती वाटते.

अक्राणी

मणिपूरशी तुलना जपून करा. तिथं डोंगरातली जमीन, म्यानमारची सीमा, हत्यारबंद गट, अफूचं राजकारण, कितीतरी गोष्टी आधीपासून साठलेल्या. यादी हे निमित्त.

तापीकाठचा

निमित्त म्हणा. पण निमित्त यादीचंच मिळालं, हे तर खरं ना? तिथं डोंगरवाल्यांना वाटलं खोऱ्यातले आता जमीनही घेतील. मैतेईंना वाटलं आम्ही निम्म्याहून जास्त असून दहा टक्के जमिनीत कोंडलोय. दोघंही स्वतःला कोंडलेले समजत होते. धाग्याचं शीर्षक परत वाचा.

आणि आपल्याकडे हत्यारबंद गट नाहीत म्हणून निर्धास्त राहू नका. साक्री तालुक्यातलं राईनपाडा आठवा. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागत फिरणारे पाच जण. मुलं पळवणारी टोळी आली असे मेसेज आधीच फिरत होते. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं, पाचही गेले. मारणारे गरीब आदिवासी, मरणारे गरीब भटके. त्यात कोणती जागा होती, कोणता दाखला होता? काही नाही. अनोळखी माणूस म्हणजे काहीतरी न्यायलाच आला असणार, एवढं मनात मुरलं होतं.

अनेर

राईनपाड्यावर एक सांगतो. तो गाव "रानटी" अशा बातम्या झाल्या. मेसेज शहरातल्याच मोबाईलवरून आले होते, आणि धुळ्या-मालेगावातही त्याच अफवेवर त्या दिवसांत लोकांना मार बसला. मालेगावात पोलिसांनी वेळेत सोडवलं म्हणून वाचले. पाड्यावर पोलीस पोचायला वेळ लागतो. फरक तेवढाच.

भोंगऱ्या

हाई बराबर शे.

संपादक

दोन प्रतिसाद उडवले आहेत. एकात विशिष्ट समाजाला परराज्यात जायला सांगितलं होतं, दुसऱ्यात त्याला तशाच भाषेत उत्तर होतं. धागा चालू राहील.

सातपुडा_मेल

उडवलेला एक माझा होता. असो.

नंदुरबारचा आहे म्हणून एक अवांतर. शिरीषकुमार मेहता ९ सप्टेंबर १९४२ ला माणिक चौकात गोळी झेलून गेला. सोबत लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्याम. पोरांची घोषणा गुजरातीत होती, "नहीं नमशे, नहीं नमशे". नंदुरबारला आजही ती घोषणा भिल्ल पोरगाही म्हणतो, मराठाही म्हणतो आणि मुसलमानही म्हणतो. कोणाला परकी वाटत नाही. आणि नवापूरचं स्टेशन तर अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. बाकड्याच्या या टोकाला बसलं की एक राज्य, त्या टोकाला दुसरं. आम्हाला सीमेची सवय आहे हो.

पांझरा

बाकडं छान आहे. पण घोषणा सगळे म्हणतात म्हणून प्रश्न मिटत नाही ना, भाऊ. मी वर्गात प्रतिज्ञा रोज म्हणून घेते.

तापीकाठचा

ताई, मग करायचं काय? तुम्ही, अक्राणी, अनेर, तिघंही सांगा. मी म्हातारा, माझ्याकडे नुसतं निदान आहे.

अक्राणी

माझ्यापुरतं: समितीचे निकाल, कारणांसकट, सगळ्यांना वाचता येतील असे जाहीर करा. कोणाला कशावर व्हॅलिडिटी दिली आणि कोणाला कशावर नाकारली. आज सगळं एजंटच्या तोंडून कळतं. "पैसे दिले म्हणून झालं" हे खरं की खोटं हे तपासायची सोयच नाही, म्हणून सगळे ते खरंच धरतात. आणि १९७४ चा जमीन परतीचा कायदा खरंच चालवा, नुसता पुस्तकात नको. मोर्चाला मात्र मी जाणार.

अनेर

निकाल कारणांसकट जाहीर करायला माझी पूर्ण संमती. माझाही करा. पण नावगाव झाकून, नाहीतर ज्यांचा नाकारला त्यांच्या मुलींची लग्नं अडतील.

अक्राणी

नाव झाकलं तर खरं-खोटं कसं कळणार, दादा?

अनेर

आडनाव आणि गाव झाका, कागद दाखवा.

अक्राणी

आपल्या गावांत कागदावरूनही घर ओळखतात. विचार करून लिहितो.

पांझरा

माझी मागणी लहान आहे. दंगलीच्या चौकशीचा अहवाल आला की विधिमंडळात ठेवा आणि मराठी-उर्दूत छापा. १९७० चं जळगाव पुणेरीभाऊंना आत्ता कळलं. माझ्या वर्गातल्या मुलांना २०१३ बद्दल फक्त गल्लीतलं माहीत आहे, आणि नदीपलीकडच्या शाळेतल्या मुलांना त्यांच्या गल्लीतलं.